चिखलावरचा मेळा

भरती ओसरू लागली म्हणजे मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, शिवडीपासून ठाण्याच्या खाडीपर्यंत, रोज एक बाजार भरतो. पाणी मागे सरते, दूरवर चिखल उघडा पडतो आणि त्या चिखलावर पक्षी उतरू लागतात. प्रथम पाचदहा, मग शेकड्यांनी. हिवाळ्यात हा बाजार ऐन भरात असतो. पाहायला येणाऱ्यांची नजर रोहित पक्ष्यांवर खिळते, आणि ते स्वाभाविकच आहे. तीन-चार फूट उंचीचा गुलाबी पाहुणा डोळ्यांत भरणारच. पण त्या उंच पायांच्या आसपास मातकट, करड्या रंगाच्या लहानमोठ्या पक्ष्यांचा जो समुदाय चिखलात चोची खुपसत असतो, त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ह्या व्याख्यानात आम्हांला बोलायचे आहे ते ह्या मातकट मंडळींविषयी.

दुर्बीण लावून पाहिले तर पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की हा समुदाय एका जातीचा नाही. त्यात आखूड चोचीचे, गोल डोक्याचे चिखल्या असतात. लाल पायांचा टिलवा असतो. लांब सरळ चोचीचा पाणटिवळा असतो. चिमणीएवढे बारके, सतत लगबग करणारे पक्षी असतात, ज्यांना इंग्रजीत स्टिंट म्हणतात. आणि ह्या सर्वांच्या वर मान काढून चालणारा, विळ्यासारख्या बाकदार चोचीचा कोरल असतो, म्हणजे इंग्रजांचा कर्ल्यू. कोणी लडाख-तिबेटच्या पठारावरून आलेला, कोणी सैबेरियाच्या बर्फाळ माळावरून. जात वेगळी, जन्माचा मुलूख वेगळा, बोली वेगळी, हत्यार वेगळे. तरी ओहोटीला ही मंडळी एका ठिकाणी चरतात, भरतीला एका ठिकाणी विसावतात आणि आकाशात बहिरी ससाणा दिसला की एकदम उठतात. असे का व्हावे?

कामगार चळवळीत ज्यांची तीस वर्षे गेली त्यांनी पक्ष्यांवर बोलावे, ह्याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. त्याचे उत्तर सोपे आहे. गोदीच्या भागात ज्याचे काम, त्याला हा किनारा रोजच दिसतो. शाळा आमच्या वाट्याला थोडीच आली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ साली प्रथम निघाले. त्याची एक जीर्ण प्रत त्या वाचनालयात होती, आणि पक्ष्यांची नावे आम्ही तिच्यातून शिकलो. नावे कळली म्हणजे प्रश्न सुचतात. आणि हा प्रश्न तर आमच्या धंद्याचाच आहे : निरनिराळ्या जातींचे, निरनिराळ्या कसबांचे जीव एकत्र का येतात, आणि एकत्र येऊन त्यांना मिळते काय?

ह्या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. व्यवहारी माणूस म्हणतो, ‘तिथे खायला आहे म्हणून येतात, त्यात विचारायचे काय?’ भावनाप्रधान माणूस म्हणतो, ‘एकी हेच बळ, हे पाखरांनाही कळते!’ दोन्ही उत्तरांत थोडे थोडे सत्य आहे, आणि दोन्ही अपुरी आहेत. ती कुठे अपुरी पडतात हे पाहत गेलो म्हणजे खरे उत्तर हाती लागते.

प्रथम अन्नाचा विचार करू. भरती-ओहोटीचे एक चक्र सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे असते. म्हणजे ओहोटीची वेळ रोज जवळजवळ पाऊण तासाने पुढे सरकते; आज सकाळी लवकर असलेली आठवड्याने दुपारी जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी खूप वर चढते आणि खूप खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा चिखल कमी उघडतो. ह्या पक्ष्यांची पाळी सूर्य ठरवीत नाही, चंद्र ठरवितो. चिखल उघडा असेल तितका वेळ कामाचा, मग तो दिवस असो की रात्र. पाणी चढले की कारखाना बंद.

आणि कामाची निकड किती? ह्या कुळातल्या पक्ष्यांचे प्रवास ऐकून माणूस थक्क होतो. २०२२ च्या ऑक्टोबरात पट्टेदार शेपटीच्या गॉडविट जातीचा, त्याच वर्षी जन्मलेला एक पक्षी अलास्काहून निघाला आणि अकरा दिवसांत सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर कोठेही न उतरता तोडून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पोचला. त्याच्या पाठीवर बसविलेल्या यंत्राने ही वाट नोंदली. असा प्रवास करणाऱ्याला आधी अंगावर चरबीचा साठा चढवावा लागतो, आणि तो साठा ह्या चिखलातूनच मिळतो. चिखलात काय असते? वरून पाहणाऱ्याला काही नाही. पण आत किडे, शिंपले, गोगलगाई, खेकड्यांची पिले, कोळंबीच्या जातीचे बारीक जीव खच्चून भरलेले असतात. खाडीच्या मुखाशी नदीचा गाळ आणि समुद्राचे पाणी मिळते, म्हणून ही जमीन अतिशय सुपीक.

तेव्हा अन्न एका जागी, वेळ थोडा आणि भूक मोठी, म्हणून गर्दी. इथवर व्यवहारी माणसाचे म्हणणे खरे. पण गर्दी म्हणजे थवा नव्हे. रेल्वेच्या फलाटावर हजार माणसे जमतात, त्यांना आपण संघ म्हणत नाही. फलाटावरचा माणूस शेजाऱ्याकडे पाहून आपली वागणूक बदलीत नाही. हे पक्षी बदलतात. विस्तीर्ण चिखल मोकळा असतानाही ते पुष्कळदा एकमेकांच्या जवळ राहतात, शेजारी कोण आहे ह्यावर आपली मान किती वेळा वर करायची हे ठरवितात आणि एकाच्या ओरडण्यावर सर्व उठतात. ह्याचा खुलासा अन्नाने होत नाही.

तो खुलासा होतो भयाने. चिखलावर आडोसा नाही, झाड नाही, बीळ नाही. वरून ससाणा येतो, बाजूने भोवत्या येतो. कॅलिफोर्नियातल्या बोलिनास नावाच्या खाजणात पेज आणि व्हिटेकर ह्या दोघा संशोधकांनी केलेली पाहणी १९७५ साली प्रसिद्ध झाली. त्या एका हिवाळ्यात तिथल्या डनलिन जातीच्या पक्ष्यांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा शिकारी पक्ष्यांनी खाल्ला, असा त्यांचा हिशेब होता. ज्या धंद्यात एका हंगामात पाचातला एक मरतो, त्या धंद्यातला प्रत्येक जण प्रथम जिवाचा विचार करील हे उघड आहे.

आता असा विचार करा. एक पक्षी एकटा चरतो आहे. चोच चिखलात असताना त्याला आकाश दिसत नाही. समजा, तो दहा क्षणांपैकी एक क्षण मान वर करतो आणि नऊ क्षण खातो. म्हणजे शंभरातल्या नव्वद क्षणी तो आंधळा. आता असे दहा पक्षी एकत्र आले, आणि प्रत्येक जण आपापल्या लहरीने मान वर करतो आहे. दहाच्या दहा माना एकाच वेळी खाली असण्याचे प्रमाण शंभरात पस्तीस क्षणांवर येते. वीस पक्षी असले तर शंभरात बारा. पन्नास असले तर शंभरात अर्धा क्षणसुद्धा उरतो न उरतो. कोणी पहारा वाटून दिलेला नाही, कोणी जास्त कष्ट केलेले नाहीत. केवळ संख्येने पहारा जवळजवळ अखंड झाला. पुलियम नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९७३ साली हे गणित मांडले. त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की थव्यातला पक्षी मान कमी वेळा वर करूनही अधिक सुरक्षित असतो, आणि वाचलेला वेळ खाण्यात घालवतो. पहारा आणि भाकरी ह्यांचा सौदा आहे हा.

दुसरा फायदा याहून सरळ. ससाणा एका झडपेत एकच पक्षी नेतो. एकटा असलात तर तो तुम्हीच. शंभरात असलात तर शंभरातून एकदा तुम्ही. तिसरा फायदा गोंधळाचा. शेकडो पक्षी एकदम उठून वळले की शिकाऱ्याला एकावर नजर धरणे कठीण जाते. इंग्लंडात केनवर्ड यांनी शिकविलेला बाज रानपारव्यांवर सोडून प्रयोग केले. ते १९७८ साली प्रसिद्ध झाले. एकट्या पारव्यावर बाज पाचातून सुमारे चार वेळा यशस्वी होई. पन्नासाहून मोठ्या थव्यावर दहातून एकदाही जेमतेम. त्याचे मोठे कारण हेच, की मोठा थवा बाजाला दुरूनच ओळखून उडून जाई.

इथे कोणी विचारील, ‘हे सर्व मान्य. पण मग आपल्याच जातीचा थवा करावा! दुसऱ्यांना कशाला घ्यावे?’ प्रश्न मार्मिक आहे, आणि सगळी मेख इथेच आहे.

आपल्या जातीचा शेजारी डोळे आणतो खरा, पण तो चोचही आपल्यासारखीच आणतो. त्याला हवा असलेला किडा तोच, तितक्याच खोलीवरचा. तो जवळ आला म्हणजे पहारा वाढतो पण ताटही वाटले जाते. एवढेच नव्हे, तर तो आपले भक्ष्य घाबरवितो. ब्रिटनच्या खाडीमुखांत गॉस-कस्टर्ड यांनी टिलव्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. तिथे टिलवे दिवसा कोळंबीच्या जातीचा एक बारका जीव नजरेने टिपतात. पक्ष्याची चाहूल लागली की तो जीव बिळात खाली सरकतो, आणि मागून येणाऱ्या टिलव्याला काही मिळत नाही. म्हणून दिवसा अशा ठिकाणी टिलवे एकमेकांपासून अंतर ठेवतात. तेच टिलवे रात्री नजर चालत नाही तेव्हा चोच चिखलात फिरवून स्पर्शाने खातात, आणि मग दाटीने चरतात. म्हणजे जवळ यायचे की दूर राहायचे, हे प्रेमावर किंवा वैरावर ठरत नाही. कामाच्या पद्धतीवर ठरते.

आता दुसऱ्या जातीच्या शेजाऱ्याकडे पाहा. कोरलाची चोच पंधरा सेंटिमीटरपर्यंत लांब. तो खोल बिळातला किडा ओढून काढतो. पाणटिवळा त्याहून उथळ थरात आणि पाण्याच्या काठाने खुपसतो. स्टिंटची चोच जेमतेम दोन सेंटिमीटर. तो पृष्ठभागावरचे टिपतो. चिखल्याची तऱ्हा आणखी निराळी. त्याचे डोळे मोठे, चोच आखूड. तो चार पावले धावतो, थबकतो, पाहतो, टिपतो, पुन्हा धावतो. आणि नॉट नावाचा पक्षी तर नजरेवर विसंबतच नाही. डच संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की ओल्या वाळूत चोच दाबली असता पाण्याच्या दाबात जो फरक पडतो त्यावरून त्याला आत पुरलेला शिंपला, चोच त्याला न लागताही, उमगतो. एकाच चिखलात अशी थरांची आणि कसबांची वाटणी आहे. सुताराच्या शेजारी लोहार बसला तर दोघांचीही गिऱ्हाइके तुटत नाहीत; सुताराशेजारी दुसरा सुतार बसला तर तुटतात.

तेव्हा मिश्र थव्याचे मर्म एका वाक्यात सांगायचे तर असे : परजातीचा शेजारी पहाऱ्याला आपला असतो आणि ताटाला परका असतो. डोळे वाढतात, वाटेकरी त्या मानाने वाढत नाहीत. सोबतीचा नफा जवळजवळ पूर्ण आणि तोटा बराच कमी.

ह्यात आणखी एक गोष्ट मिळते. वेगवेगळ्या कामाच्या पद्धतींमुळे वेगवेगळे पहारेकरी मिळतात. गोदीत जहाजाच्या पोटात माल लावणारी टोळी खाली वाकून काम करीत असते तेव्हा वर तोंडाशी एक माणूस उभा असतो. क्रेनचे ओझे डोक्यावर आले की तो ओरडतो. खालच्यांना मान वर करायची फुरसत नसते, वरच्याचे कामच पाहण्याचे असते. चिखलावरही असेच घडते. चोच खोल खुपसून स्पर्शाने शोधणाऱ्याची मान सदैव खाली. चिखल्या नजरेने शिकार करतो, म्हणून तो थबकतो तेव्हा त्याचे डोके वर असते. उंच कोरलाला दूरचे दिसते. आणि टिलवा इतका सावध व इतका ओरडा की इंग्लंडात त्याला दलदलीचा रखवालदार म्हणतात. आपल्याकडे रात्री टिटवी ओरडली की माणूस कान टवकारतो. टिटवीही ह्याच कुळाला जवळची. एका जातीच्या थव्यात सर्वांचे गुण सारखे आणि सर्वांच्या उणिवाही सारख्या. मिश्र थव्यात एकाची उणीव दुसऱ्याच्या गुणाने झाकली जाते.

परंतु कोणावरही विश्वास टाकून चालत नाही, हेही पक्ष्यांना वागण्यातून उमगलेले दिसते. स्कॉटलंडच्या खडकाळ किनाऱ्यावर मेटकाफ यांनी टर्नस्टोन आणि जांभळा सँडपायपर ह्या दोन लहान पक्ष्यांवर पाहणी केली; ती १९८४ साली प्रसिद्ध झाली. पक्षी किती वेळा मान वर करतो हे शेजाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून होते. पण प्रत्येक जातीचा शेजारी सारख्याच मोलाचा धरला जात नव्हता. त्यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न घातला आहे, की हे पक्षी भरवसा कोणावर ठेवतात? सारख्या बांध्याचे, सारख्या शत्रूला भिणारे शेजारी अधिक उपयोगी, हे समजण्यासारखे आहे. ज्याला ससाण्याचे भय नाही तो ससाण्याकडे कशाला पाहील? शिवाय थव्यात फार वेगळे दिसणे धोक्याचे. १९८६ साली अमेरिकेत लँडो आणि टरबर्ग यांनी माशांवर प्रयोग केला. चंदेरी माशांच्या थव्यात एकदोन मासे निळे रंगविले, तेव्हा मोठ्या शिकारी माशाला थव्यातली शिकार सोपी झाली, कारण वेगळ्या माशावर त्याची नजर टिकून राहिली. चिखलावर बारके बारक्यांजवळ आणि मोठे मोठ्यांजवळ असे गट पडलेले पुष्कळदा दिसतात, त्यामागे हेही एक कारण असावे.

सोबतीची किंमत किती द्यावी लागते ह्याचे उत्तम उदाहरण इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातल्या शेतांवर सापडले. बार्नार्ड आणि टॉम्पसन यांनी त्यावर १९८५ साली एक सबंध पुस्तक लिहिले. तिथे हिवाळ्यात टिटवीच्या जातीचे पक्षी गवतात गांडुळे शोधतात. सोनचिखल्या त्यांना पाहून तिथे उतरतात, कारण टिटव्या उतरल्या म्हणजे गांडुळे असणार. मग काळ्या डोक्याचे कुरव येतात. हे कुरव स्वतः फारसे शोधीत नाहीत. दुसऱ्याने ओढून काढलेले गांडूळ हिसकावतात. विशेषतः मोठे गांडूळ, कारण ते हाताळायला वेळ लागतो. ह्याला सरळ भाषेत दरोडा म्हणतात. तरी टिटव्या आणि सोनचिखल्या लगेच उठून जात नाहीत. का? कारण कुरव सावध असतात. संकट दुरून ओळखून ते प्रथम उडतात, आणि कुरव असले म्हणजे बाकीचेही लवकर उडतात. म्हणजे कुरव लूट घेतो आणि इशारा देतो. लूट जोवर इशाऱ्यापेक्षा स्वस्त तोवर त्याला सोसायचे, असा हा हिशेब. कारखान्याच्या दारात अशी माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि श्रोत्यांनीही पाहिली असतील.

आता थवा उडतो कसा ते पाहू. हजार पक्षी एकदम वळतात. एकदा पांढरे पोट दिसते, एकदा करडी पाठ. पाहणाऱ्याला वाटते, कोणीतरी हुकूम देत असला पाहिजे. एडमंड सेलूस नावाच्या इंग्रज निरीक्षकाने तर १९३१ साली, ह्या पक्ष्यांत विचार एका मनातून दुसऱ्या मनात परस्पर जात असावेत, अशी शंका पुस्तकरूपाने मांडली होती. १९८४ साली वेन पॉट्स यांनी डनलिनच्या थव्यांची चित्रफीत एकेक चौकट करून तपासली. थव्यात पुढारी कोणी नव्हता. कोणताही पक्षी वळण सुरू करू शकत होता. मात्र थव्याच्या आत वळणारा मानला जाई, बाहेर जाऊ पाहणारा नाही. वळणाची लाट एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे सरासरी १५ सहस्रांश सेकंदात पोचत होती. एकट्या पक्ष्याला दचकायलाच ३८ सहस्रांश सेकंद लागतात. मग हे कसे? ज्याप्रमाणे कवायतीत दूरच्या रांगेतला माणूस येणारी हालचाल पाहून आपला पाय आधीच तयार ठेवतो, त्याप्रमाणे पक्षी नुसत्या शेजाऱ्याला पाहत नाही. दुरून येणारी लाट पाहतो आणि तिच्या वेळेला आपले वळण जुळवितो. जादू नाही, हुकूम नाही, लक्ष आहे.

पाणी चढले की चरणे संपते. मग हे सर्व एखाद्या उंचवट्यावर, मिठागराच्या बांधावर किंवा उथळ तळ्यात गोळा होतात. इथे मिश्रण अधिकच दाट होते, कारण सुरक्षित आणि मोकळी जागा थोडी असते. तिथेही पाहण्यासारखी शिस्त आहे. लांब पायांचे शेकाटे आणि पाणटिवळे पाण्यात उभे, आखूड पायांचे चिखल्या आणि स्टिंट कोरड्या कडेला. प्रत्येक जण आपल्या पायाच्या मापाने जागा घेतो. ही विश्रांती म्हणजे चैन नव्हे. खाल्लेले पचवायचे, पिसे नीट करायची, आणि अंगात साठविलेली चरबी फुकट खर्च होऊ द्यायची नाही. दर वेळी कोणी हाकलले, उठवले, तर ओहोटीभर कमावलेले भरतीत उडून जाते.

आता भावनाप्रधान माणसाकडे वळू. हा सारा प्रकार म्हणजे एकी आहे काय? १९०२ साली क्रोपोटकिन यांचे परस्परसाहाय्यावरचे पुस्तक निघाले. झुंज हाच निसर्गाचा एकमेव कायदा आहे असे म्हणणाऱ्यांना त्यात त्यांनी उत्तर दिले, आणि पक्ष्यांच्या थव्यांची उदाहरणे दिली. कामगार चळवळीतल्या कित्येकांनी ते पुस्तक आदराने वाचले आहे; आम्हीही वाचले आहे. पण १९७१ साली हॅमिल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने ह्या चित्राची दुसरी बाजू दाखविली. त्याने गणिताने सिद्ध केले की प्रत्येक प्राणी केवळ स्वतःपुरते पाहून, आपल्या आणि शत्रूच्या मध्ये दुसरा कोणी असावा एवढ्याच हेतूने हलला, तरी कळप आपोआप तयार होतो. प्रेम नको, करार नको. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या आड होऊ पाहतो, आणि त्यातून दाटी होते.

ह्या दोहोंत कोणाचे खरे? आमच्या मते, थवा निर्माण होण्याला हॅमिल्टनचा खुलासा पुरतो. आणि थव्याचा लाभ सर्वांना होतो हे क्रोपोटकिनचे निरीक्षणही खरे आहे. स्वार्थ हे कारण, सामाईक लाभ हे फळ. दोन्ही एकत्र नांदू शकतात. पण थव्याला संघटना म्हणण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे, आणि तो का टाळावा हे एका पाहणीवरून समजते.

स्कॉटलंडमधल्या टायनिंगहॅमच्या खाडीमुखावर विल क्रेसवेल यांनी टिलव्यांचा अभ्यास केला. त्याचे निबंध १९९४ साली आले. तिथे पोक्त टिलवे बहुधा मोकळ्या, तुलनेने सुरक्षित जागी चरत. पहिल्याच हिवाळ्यातले कोवळे टिलवे पुष्कळदा खारवटीच्या गवताळ भागात चरत, आणि तिथे झाडीआडून शिक्रा जातीचा ससाणा अचानक झडप घालतो. मारल्या जाणाऱ्यांत कोवळ्यांचा भरणा अधिक होता. थव्यातही कडेला कोण आणि मध्ये कोण, एकटा मागे कोण राहिला, ह्यावर जीव ठरतो. थवा सरासरीने सर्वांना वाचवितो. पण मागे राहिलेल्यासाठी तो थांबत नाही. थव्याला वर्गणी नाही, सभासदांची यादी नाही, आणि आजारी पडलेल्याच्या घरी शिधा पोचविणारा कोणी नाही. नवख्याला धोक्याच्या जागी लावून जुने सुरक्षित जागी बसले, तर पाखरांच्या जगात त्याची तक्रार होत नाही. माणसांच्या जगात ती व्हावी म्हणून तर संघटना काढायच्या. तेव्हा पक्ष्यांकडून आपण डोळे उघडे ठेवण्याची कला शिकावी. न्याय माणसालाच रचावा लागतो.

एवढे कळल्यावर एक व्यावहारिक गोष्ट निघते, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मिश्र थवा दोन गोष्टींवर उभा आहे : चरायला पुरेसा चिखल आणि विसावायला सुरक्षित जागा. चिखल कमी झाला की ताटाची वाटणी मोडते. जे एरवी अंतर ठेवून चरत ते एकमेकांच्या अंगावर येतात. पक्ष्यांची संख्या घटली की पहाऱ्याचे ते गणितही उलटे फिरते : पन्नासाचे वीस झाले, विसाचे दहा झाले, की प्रत्येकाला मान अधिक वेळा वर करावी लागते आणि खाणे घटते. दक्षिण कोरियात सेमांगम येथे सुमारे ३३ किलोमीटरची समुद्रभिंत २००६ साली पुरी झाली आणि एक अफाट चिखलाचे मैदान भरतीपासून तुटले. तिथे उतरणाऱ्या ग्रेट नॉट पक्ष्यांची संख्या कोसळली; आज ती जात जगभर संकटग्रस्त गणली जाते. ते पक्षी दुसरीकडे सुखाने राहायला गेले नाहीत, कारण दुसरीकडची ताटे आधीच भरलेली होती.

आपल्या ठाणे खाडीचा एक भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ साली खाडीला रामसर यादीत स्थान मिळाले. ही समाधानाची गोष्ट आहे. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून न्हावा शेव्याला जाणारा सागरी सेतू खुला झाला. तो बांधणारे हात कामगारांचेच होते, आणि पूल नको असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ओहोटीची खानावळ राखली आणि भरतीचे विश्रांतिस्थान बुजविले, तर राखणे पुरे झाले नाही. खाडीकाठची मिठागरे, उरण आणि नवी मुंबईकडच्या पाणथळी ह्या नकाशावर ओसाड जमिनी दिसतात. पक्ष्यांच्या हिशेबात त्या दोन पाळ्यांमधली विसाव्याची जागा आहेत. कामाची जागा आहे पण बसायला जागा नाही, अशी अवस्था कोणत्याही कामकऱ्याला फार दिवस सोसत नाही.

ज्यांना हे प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी हिवाळ्यात भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून, ओहोटी लागल्यानंतर तासाभराने किनाऱ्यावर जावे. कोळी बांधवांना विचारले तर ते तोंडपाठ वेळ सांगतील. महागडी दुर्बीण नसली तरी चालेल. एकच पक्षी निवडावा आणि तो मिनिटात किती वेळा मान वर करतो हे मोजावे. मग त्याच जातीचा, दाट मिश्र थव्यातला दुसरा पक्षी निवडून पुन्हा मोजावे. आणि एकदम सगळे उठले, तर प्रथम कोण ओरडला ते ऐकावे. तो बहुधा लाल पायांचा टिलवा असेल. पण आपल्या कानांनी ऐकल्याखेरीज आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नये.